मस्ट, माइट आणि रॉसचं फाटक

मी काय काम करायचे हे सांगितलं की मराठी माणसं आधी थोडं हसून घेतात. न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थसारख्या गावात, पुण्याची एक बाई डच लोकांना इंग्रजी शिकवायची. यातला एक शब्द दुसऱ्याशेजारी शोभत नाही, हे मलाही मान्य आहे. माझी नणंद अजून फोनवर विचारते, "वहिनी, पण डचच का?" जसं काही मी मंडईत जाऊन निवडून आणले होते.

त्याचं असं झालं. आमच्या ह्यांना गवतावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. मुलगा परदेशात जाऊन गवत बघणार म्हटल्यावर सासूबाईंनी बरेच दिवस ही बातमी शेजारी सांगितली नव्हती. मला पुण्यात मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची सवय होती, इथे प्रौढांच्या भाषावर्गात तास मिळाले. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. हॉलंडहून शेतकरी सहकुटुंब येत होते, कारण तिकडे जमीन परवडेना आणि दूध किती काढायचं यावरही सरकारचा चाप. पण डचांचा वर्ग घ्यायला कोणी तयार नसायचं. ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवणं सोपं. डच माणूस फाडफाड इंग्रजी बोलतो आणि तरी समोरच्याचा चेहरा का पडला, हे त्याला कळत नाही. मी नवीन होते, म्हणून तो वर्ग माझ्या गळ्यात पडला.

आता जरा धंद्याचं सांगते. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, विल, वुड. शाळेत आपण यांना सहायक क्रियापदं म्हणतो आणि एका दुपारी उरकून टाकतो. डच भाषेत यांची सख्खी भावंडं आहेत. मस्टला मूटन, विलला विलन, कॅनला क्युनन. चेहरे इतके सारखे की डच माणूस बिनधास्त एकाच्या जागी दुसरा उभा करतो. "आय मस्ट टू द डेंटिस्ट," असं सांगून माझ्या वर्गातून माणसं उठून जायची. एकाने उपाहारगृहात "आय विल अ कॉफी" म्हटलं, तेव्हा काउंटरवरच्या पोरीला वाटलं हा पुढच्या जन्मी कॉफी होणार आहे. एकजण नवीन सोफा का घेतला हे सांगताना "इट मस्ट फ्रॉम माय वाइफ" म्हणाला. हे मात्र मला एका झटक्यात समजलं.

असल्या चुका पंधरवड्यात सुटतात. न सुटणारी अडचण वेगळी होती आणि ती मला मराठीमुळे दिसली. आपल्याकडे अरे आहे, अहो आहे. डचमध्येही तसे दोन प्रकार आहेत. इंग्रजीने मात्र सगळ्यांना एका 'यू'त बसवलं, मग मान द्यायचा कुठून? तो त्यांनी वुड, कुड आणि माइटच्या खांद्यावर टाकला. शिवाय आपण "ये" म्हणत नाही, "जरा ये ना" म्हणतो. या 'जरा' आणि 'ना'ने हुकमाची धार बोथट होते. डचांकडे असे बारके शब्द ढीगभर आहेत, वाक्यागणिक पेरलेले. इंग्रजी बोलताना त्यांना जागा नसते, म्हणून ते गळून पडतात आणि उरतो नुसता उघडानागडा 'मस्ट'. डच माणूस आपल्या मते "जरा दार लावता का हो" म्हणत असतो आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं, "दार लाव."

मला त्यांचा राग कधी आला नाही. खरं सांगायचं तर डच माणूस म्हणजे उंच पुणेकर. सायकलवरून येणार, वेळेवर येणार आणि आल्या आल्या तुमच्या पडद्यांचा रंग चुकलाय हे सांगणार. मी स्वतः पहिल्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात, ज्याला इथे डेअरी म्हणतात, "गिव्ह मी वन ब्रेड" म्हणायचे. माझी लेक मुक्ता बाहेर आल्यावर इंग्रजीतच म्हणाली, "आई, तू पोलिसासारखी बोलतेस." तिला मराठी सगळं समजतं, पण टोमणे ती इंग्रजीत मारते.

हेंक मला त्याच्या बायकोने आणून दिला. तिचं नाव ग्रीत. लिहायला सोपं, पण तिच्या तोंडून ऐकलं तर घसा खाकरल्यासारखं वाटायचं. दोघं तिकडच्या गाई विकून आले होते आणि गावाबाहेर, नदीकाठी, रॉस नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे कामाला होते. रॉसची बायको वारलेली, एकुलती मुलगी दूर टौरंगा शहरात, तिला गाईंचा वाससुद्धा नको. रॉसला आता गुडघ्यांमुळे धार काढणं जमत नव्हतं. त्याला आपला फार्म अर्धेलीने द्यायचा होता. म्हणजे जमीन त्याची, गाई आणि राबणूक दुसऱ्याची, दुधाचे पैसे निम्मे निम्मे. इथे असे करार एक जूनपासून सुरू होतात. त्या दिवशी देशभर शेतकरी गाई घेऊन एका फार्मवरून दुसऱ्यावर जात असतात. रॉसने हेंकला सांगितलं होतं की एक हंगाम पगारावर राहा, मग बघू.

"त्याला काम आवडतं," ग्रीत म्हणाली. "बोलणं आवडत नाही. हा करार हातचा गेला तर आम्हाला परत जावं लागेल. आणि परत जायला तिथे आता काही नाही."

हेंकने पहिल्याच आठवड्यात काय केलं होतं, तर रस्त्याकडच्या लोखंडी नळ्यांच्या फाटकाकडे बोट दाखवून मालकाला म्हणाला, "यू मस्ट पेंट धिस गेट. इट इज अ शेम." रॉस "राइटो", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला आणि घरात गेला. पुढे बरेच दिवस तो फाटकाशी आला नाही. हेंकला वाटलं, रंग आणायला गेला असेल.

हेंकची शिकवणी भर दुपारी असायची, पहाटेची धार आणि दुपारची धार यांच्या मधे. सहा फुटांच्या वरचा माणूस, गमबूट दाराशी काढून मोज्यांवर आत यायचा, शाळेच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. धारेची वेळ झाली की वाक्य अर्धं टाकून उठायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, निदान क्रियापद तरी संपव." तो म्हणाला, "गाईंना व्याकरण नसतं, वासंती." लग्नाच्या वाढदिवसालाही तो जेवणावरून धारेला गेला होता, हे ग्रीतने मला तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. हेंकने धार चुकवली असं कधी कोणी पाहिलं नव्हतं.

पण मेहनती. मी सांगितलं, मस्ट सहा महिने कुलपात ठेव. ते त्याने खरोखर ठेवलं. "कुड यू, वुड यू माइंड, डू यू थिंक वी माइट" हे सगळं तो गाईंवर घोकायचा. गाई पूर्वी जास्त ऐकायच्या, असं ग्रीतचं मत होतं. पण रॉस पुन्हा फाटकाशी येऊ लागला. रोज दूध काढून झालं की दोघं फाटकाच्या दोन बाजूंना हात टेकून उभे राहायचे आणि हवेबद्दल बोलायचे. फार्मवर सगळी खलबतं या फाटकाशीच होतात, ऑफिस वगैरे काही नसतं. मला वाटलं, जिंकलं आपण.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी रॉस फाटकाशी म्हणाला, "पाऊस येईलसं दिसतंय. खालच्या पॅडकमधल्या कालवडी कधीतरी हलवायचा विचार करायला हरकत नाही."

नदीकाठचं ते कुरण. हेंकने विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. वरचं गवत त्याने हिवाळ्यासाठी राखलं होतं, खालचं अजून दोन दिवस पुरलं असतं. त्याने विचार केला आणि ठरवलं की परवा हलवू. पाऊस कोसळला आणि त्याच दुपारी नदी कुंपणावरून आत आली. दोघांनी छातीएवढ्या पाण्यातून कालवडी बाहेर काढल्या, रॉसने त्या गुडघ्यांनिशी. दोन वाहून गेल्या. कालवडी रॉसच्या होत्या, त्याने स्वतः वाढवलेल्या.

"इट हॅपन्स," रॉस म्हणाला आणि ओल्या कपड्यांनी घरी गेला.

हेंकने मला पुढच्या तासाला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "तो मुळीच रागावला नाही. चांगला माणूस आहे." ग्रीत त्याच्या शेजारी बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते. रॉस तेव्हापासून फाटकाशी आला नव्हता. आणि दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्याने तिला सांगितलं होतं की शनिवारी दुसरं एक जोडपं फार्म बघायला येणार आहे.

मी हेंकला मऊ बोलायला शिकवलं होतं. मऊ ऐकायला कोण शिकवणार? आमच्या पुस्तकात बोलणाऱ्यांचेच धडे होते. मी फळ्यावर लिहायला खडू घेतला आणि ठेवून दिला. मग मी त्याला माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगितली.

सासूबाई आमच्याकडे सहा-सहा महिने राहायला यायच्या. त्या म्हणायच्या, "आज वारा जरा जास्तच आहे नाही?" म्हणजे खिडकी लाव. "काल पोळ्या छान झाल्या होत्या," म्हणजे आजच्या वातड आहेत. मुक्ताला म्हणायच्या, "तुझ्या आईला वेळ नसेल बाळा," म्हणजे मी आत्ताच्या आत्ता उठायला हवं. लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी त्याला मराठीतून सांगितली आणि उलगडून दाखवली. त्यांनी मला जन्मात एक हुकूम दिला नाही आणि मी त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही. या देशात तर नकारसुद्धा 'हो, नाही' असा होपासून सुरू होतो.

"हेंक," मी म्हटलं, "रॉस म्हणजे माझ्या सासूबाई आहेत."

मग त्याने डचमध्ये ग्रीतला काहीतरी विचारलं. ती "हो" म्हणाली. तो माझ्याकडे वळला.

"म्हणजे तो मला सांगत होता. हलव म्हणून."

"हो."

"आणि मी हलवल्या नाहीत."

"हो."

"मग मी जाऊन विचारतो."

मी म्हटलं, "अरे, इथे असं कोणी विचारत नाही. थोडे दिवस जाऊ दे, एखादा केक घेऊन जा, हवेबद्दल बोल." पण तो मोज्यांवरून गमबुटांत शिरलासुद्धा होता. ग्रीत माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही या. प्लीज." डच बाईच्या तोंडून प्लीज निघालं म्हणजे पाणी गळ्याशी आलंय, एवढं मला अनुभवाने कळत होतं. मी गाडीची किल्ली घेतली.

रॉसच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. त्याने चहा केला आणि आल्याची बिस्किटं पुढे ठेवली, चहात न बुडवता खाल्ली तर दात पडतील अशी. हेंकने चहाला हात लावला नाही. मी वर्षभर शिकवलेलं सगळं तो दाराबाहेर काढून आला होता.

"रॉस, मला तुझं बोलणं कळलं नाही. तू विचार कर म्हणालास, मी विचार केला. तू कर म्हणत होतास, हे मला आज कळलं. दोन कालवडी माझ्यामुळे गेल्या. मला तुझ्या जमिनीवर काम करायचंय. मला रोज सांग, काय करू, आणि मी ते करीन. पण हुकूम कुठला आणि गप्पा कुठल्या हे मला ओळखता येत नाही. तू मला नको असशील तर आज सांग."

चुकून तो 'मी तुला नको असेन तर' याऐवजी उलटं बोलला होता, पण सुधारायची माझी छाती झाली नाही. रॉस उठला. भरलेली किटली त्याने पुन्हा नळाखाली धरली. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "माझा बाप जन्मभर ओरडला माझ्यावर. कुत्र्याला बोलावं तसा. मी तेव्हाच ठरवलं होतं की मी कुणाला कर म्हणून सांगणार नाही. आता या वयात मला ते येणारही नाही."

मला एकदम सासूबाई आठवल्या. त्यांची सासू कशी होती हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"मग सांगू नकोस," हेंक म्हणाला. "ठोक."

"काय?"

"तू नेहमीसारखं बोल. हवा, गवत, काय वाटेल ते. पण जे करायचंच आहे, त्यानंतर फाटकावर ठोक. असं." आणि त्याने त्या मोठ्या हाताने टेबलावर दोनदा ठोकलं. कपबशा हलल्या.

ग्रीतने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, आता हा म्हातारा आपल्याला हाकलतोय. रॉस परत येऊन खुर्चीवर बसला. त्याने एक बिस्किट चहात बुडवलं, खाल्लं, मिशा पुसल्या.

"शनिवारी ती दोघं येणार आहेत," तो म्हणाला. "लांबून येणार बिचारी. उगाच खेप पडेल त्यांना. कळवलेलं बरं, असं वाटतं."

हेंक माझ्याकडे बघायला लागला. त्याला काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं, पण हे मी सांगण्यात अर्थ नव्हता. मी बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिले. रॉसने हेंककडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि बोटं वाकवून दोनदा ठोकलं.

ग्रीत रडायला लागली. हेंक उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला. मग म्हणाला, "रॉस, वुड यू माइंड इफ आय पेंटेड द गेट?" वर्षभराच्या शिकवणीची एवढी एक वसुली. रॉस म्हणाला, त्याची काही हरकत नाही.

एक जूनला हेंक आणि ग्रीतच्या स्वतःच्या गाई त्या फाटकातून आत गेल्या. फाटक हिरवं झालं होतं. पुढची सात-आठ वर्षं मी येता-जाता पाहायचे, दोन माणसं फाटकाला टेकून उभी आणि मधूनच लोखंडावर ठणठण. शेजारपाजारच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागलाय. मी कधीमधी बेसनाचे लाडू घेऊन जायचे. रॉस म्हणायचा, "ते पिवळं प्रकरण काही अगदी वाईट नसतं." मी याचं मराठीत भाषांतर करून पुढच्या वेळी दुप्पट न्यायचे.

वर्गात मात्र मी त्यानंतर बदल केला. अर्धा वेळ बोलणं, अर्धा वेळ सासूबाई. माझ्या वरिष्ठांनी हा विषय अभ्यासक्रमात कुठे बसतो असं विचारलं, तर मी म्हटलं, श्रवणकौशल्य. रॉसमुळे मला हा धडा सुचला, आणि त्याआधी जी माणसं माझ्या हाताखालून गेली त्यांना तो मिळाला नाही, याचं वाईट वाटतं. त्यातली काही परत हॉलंडला गेली. कुठल्या फाटकाशी काय ऐकायचं राहिलं, कोण जाणे.

रॉस शेवटी इथल्या इस्पितळात होता. मी एका दुपारी डबा घेऊन गेले, तर हेंक आधीच बसलेला, टोपी गुडघ्यावर. रॉस खूप वाळला होता. लाडवाचा कण त्याने जिभेवर ठेवला आणि अगदी वाईट नाही, असं म्हणाला. मुलगी टौरंगाहून निघाली होती, संध्याकाळपर्यंत पोचणार होती. तिघं मिळून आम्ही हवेबद्दल बोललो.

धारेची वेळ झाली तसा हेंकने घड्याळाकडे पाहिलं आणि टोपी घातली.

"गाई वाट बघत असतील," रॉस म्हणाला. "तू जा. माझं काय, मी इथेच आहे. कधी सवड झाली तर चक्कर मारायला हरकत नाही."

हेंक "बरं" म्हणून उठला. दारापर्यंत गेला. मागे पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आवाज झाला. हलका होता, पण दोनदा.

हेंक परत आला, टोपी काढली आणि खुर्चीवर बसला. मी डबा उचलून बाहेर आले. त्या दिवशी दुपारची धार ग्रीतने एकटीने काढली.